मलप्रभेच्या ओढ्यात खडशी परत आणताना : प्रकल्पाच्या नोंदी

२० नोव्हेंबर २०२२

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या ओढ्यात खडशी, म्हणजे पुस्तकांतला दख्खनी महसीर मासा, पुन्हा नांदावी यासाठी गावाने हाती घेतलेल्या कामाच्या या नोंदी आहेत. घटप्रभा, मार्कंडेय, ताम्रपर्णी किंवा हिरण्यकेशी यांच्या एखाद्या फाट्यावर हेच काम करू पाहणाऱ्यांना त्यांचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे. गावाचे आणि ज्या डोहातून मासे घ्यायचे आहेत त्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण खडशी कुठे आहे याचा बोभाटा झाला की तिथे गळही पोहोचतो आणि जिलेटिनची स्फोटक कांडीही पोहोचते.

कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापूरकडे येत असताना आमचा ओढा तिला मिळतो. साठी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाला या ओढ्यातली चढणीची खडशी आठवते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मासे नदीतून वर येत आणि पावसाळ्याच्या उतारावर डोहात थांबत. आज ओढ्यात मळ्या आणि बारीक चाळ हे छोटे मासे आहेत, खालच्या अंगाला चिलापी (तिलापिया) भरपूर आहे, पण खडशी नाही.

सुरुवातीलाच एक गोंधळ निस्तरावा लागला. "खडशी अजून मिळते की," असे सांगणाऱ्यांनी आणून दाखवलेला मासा कोळस निघाला. दोन्ही कृष्णेच्या खोऱ्यातले, दोन्ही मोठ्या अंगाचे, आणि लहान असताना घाईत सारखेच दिसणारे. खवले मोजणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. अंगाच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर खडशीचे साधारण २५ ते २७ मोठे खवले असतात, तर कोळसचे ४० च्या आसपास भरतात. यापुढे कोणी मासा पाहिल्याचे सांगितले, तर मोबाईलवर कडेचा स्वच्छ फोटो असल्याखेरीज ती नोंद धरायची नाही, असे ठरले.

१५ जानेवारी २०२३

मासे कुठून आणायचे याची चर्चा गावात रंगली आहे, पण आणलेले मासे राहणार कुठे, हे आधी पाहणे भाग होते. बांबूच्या काठीवर फूट-इंचांच्या खुणा करून नदीच्या तोंडापासून वरच्या धबधब्यापर्यंतचे सगळे डोह मोजले. पूर्वी पुरुषभर खोल असलेल्या डोहांत काठी गुडघाभर पाण्यात शिरते आणि नंतर हातभर मऊ गाळात जाते. उथळ, खळखळत्या भागातला दगड उचलून पाहिला की त्याची खालची बाजू काळी, वास येणारी असते. अशा ठिकाणी अंड्याला प्राणवायू मिळत नाही. खडशीची अंडी जड असतात, तळाशी बसतात, आणि दगडगोट्यांच्या फटींतून वाहते पाणी मिळाले तरच जगतात.

गाळ कुठून येतो हे शोधायला फार फिरावे लागले नाही. खानापूरची माती कौलांसाठी आणि विटांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहे, आणि ओढ्याच्या डाव्या अंगाला माती काढून सोडून दिलेले खड्डे आहेत, ज्यांची कड पावसाळ्यात थेट पाण्यात ढासळते. वरच्या अंगाला रस्ता रुंद करताना निघालेला मुरूमही उतारावरच ढकललेला आहे. त्याखेरीज एक कोल्हापुरी बंधारा, ऊसपट्ट्यातल्या मोटरी, आणि अधूनमधून ब्लीचिंग पावडर टाकून केली जाणारी मासेमारी ही कारणे आहेतच. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणामुळे खालच्या मलप्रभेतून मासा वर येण्याची वाट गेल्या शतकातच बंद झाली, त्यामुळे या भागात जे काही उरले असेल ते धरणाच्या वरच्या पाण्यातच उरले असणार.

२६ मार्च २०२३

मूळ मासे कुठून घ्यायचे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो.

सोपा मार्ग असा होता की कुठल्यातरी मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) विकत आणावी, पिशव्या फोडाव्यात आणि फोटो काढावेत. या मार्गाला मी पहिल्या बैठकीपासून विरोध केला आणि त्याचे कारण कावेरीत घडलेले आहे. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात खडशीची अंडी हाताने काढून पिल्ले वाढवण्याची पद्धत बसवली. ती कामगिरी मोठीच आहे आणि आम्हीही तीच पद्धत वापरणार आहोत. परंतु तिथली बोटुकली पुढे देशभरातल्या नद्यांत सोडली गेली, त्यात कावेरीही होती. कावेरीत स्वतःचा वेगळा, पाठीला कुबड असलेला महसीर होता. बाहेरून आलेली खडशी तिथे वाढत गेली आणि घरचा मासा आटत गेला. त्या कुबड्या महसीराचे शास्त्रीय नाव, टॉर रेमादेवी, २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. खडशी आपल्या खोऱ्यातलीच असली तरी केंद्रातल्या माशांचे मूळ, त्यांत काय मिसळले आहे आणि ते किती थोड्या आई-बापांचे आहेत, हे आपल्याला पिशवीत पाहून कळत नाही.

म्हणून मलप्रभेच्याच वरच्या अंगाचा एक देवाचा डोह धरला. तिथे मंदिराच्या पायऱ्यांपाशी मासे मारण्याची पूर्वापार बंदी आहे. असे डोह आपल्याकडे पुष्कळ आहेत. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीतले महसीर देवीचे म्हणूनच राखले गेले, आणि आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात २०२० मध्ये जगासमोर आलेला चिमुकला मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी, तोही देवळाच्या आसऱ्यानेच टिकला होता. ती जागा २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने जैवविविधता वारसा स्थळ केली.

पुजारीबुवांनी दोन अटी घातल्या. देवाच्या माशाचे रक्त सांडायचे नाही, आणि धरलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी त्याच डोहात परत गेला पाहिजे. दोन्ही अटी शास्त्राच्या दृष्टीनेही योग्यच असल्याने बैठक लवकर आटोपली. मत्स्य खाते आणि वन खाते यांच्या लेखी परवानग्यांना मात्र वेळ लागणार आहे. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर होती, तिची पहिली खरी बैठक या निमित्ताने झाली आणि लोक जैवविविधता नोंदवहीत खडशीचे नाव "पूर्वी होती" अशा शेऱ्यासह चढवले. अर्ज व्यक्तीच्या नावाने देण्यापेक्षा या समितीच्या नावाने दिलेला बरा, कारण माणूस बदलला तरी कागद चालू राहतो.

१४ मे २०२३

विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे ग्रामसभा लांबली आणि परवानग्याही. तोवर बंधाऱ्याचे काम उरकायचे ठरले.

कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढले जातात, त्यामुळे चढणीच्या माशाला वाट मोकळी मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्याकडे तसे होत नाही. बरगे काढल्यावरही बंधाऱ्याचा पाया राहतो, आणि वर्षानुवर्षे पाणी पडून पायाच्या खालच्या अंगाला मोठा खळगा झाला आहे. पायाचा माथा आणि खालचे पाणी यांत पावसाळ्याच्या सुरुवातीला सुमारे तीन फुटांचा फरक असतो. मासे तिथे येऊन अडतात, आणि बांबूचे सापळे नेमके तिथेच लावले जातात.

बंधारा ज्या खात्याचा आहे त्याची लेखी संमती घेऊन एका गाळ्यासमोर (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेसमोर) गवंड्याकडून काँक्रीटचा गुळगुळीत उतार करून घेतला. लांबी वीस फूट. सुमारे चाळीस हजार रुपये लागले. टँकरचे पाणी सोडून पाहिले तेव्हाच लक्षात आले की पाणी पातळ पत्र्यासारखे पसरून वेगाने खाली जाते. मासा पोहण्याइतकी खोली त्यात नाही आणि मध्ये विसावण्याची जागाही नाही. पाऊस तोंडावर आल्याने या वर्षी तो तसाच ठेवावा लागेल.

३ सप्टेंबर २०२३

हे वर्ष गेले. मृग कोरडा गेला, जुलैत काही दिवस पाऊस लागला, आणि ऑगस्ट तर देशभरातच १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. डोहात मासे होते, पण ज्या पुराच्या पाण्याने मादी अंड्यावर येते ते पाणीच आले नाही. एका माशालाही हात लावलेला नाही. जवळपासच्या गावांत पिण्याच्या पाण्याची चिंता असताना मासे धरण्याची परवानगी मागत फिरणेही योग्य दिसले नसते.

१० डिसेंबर २०२३

दुष्काळाचा एकच उपयोग झाला. ओढा लवकर आटल्याने गाळ काढता आला. तीन मोठे डोह निवडले. पहिल्या डोहात जेसीबी घातला आणि गाळ काठावरच टाकला, तो नोव्हेंबरच्या एका अवकाळी सरीत अर्ध्याहून अधिक परत खाली आला. शिवाय यंत्राच्या खोऱ्याने गाळाबरोबर खालचे गोटेही निघाले, जे आम्हाला राखायचे होते. पुढचे दोन डोह माणसांनी, घमेल्यांनी साफ केले. वेळ दुपटीहून जास्त लागला, पण गोटे जागेवर राहिले आणि गाळ शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने शेतात नेला, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचला.

मातीच्या जुन्या खड्ड्यांच्या कडेला दगडी बांध घालून वाळा लावला आहे. काठावर वाळुंज, करंज, जांभूळ आणि उंबर लावले. उंबराचा आग्रह ज्येष्ठ भोईकाकांचा होता. पाण्यावर वाकलेल्या उंबराखाली खडशी हमखास सापडे, असे ते सांगतात, आणि ते खरेच आहे, कारण हा मासा खेकडे, शिंपले, शेवाळ यांच्याबरोबर पाण्यात पडलेली फळेही खातो. अर्थात या उंबरांची फळे खायला आणखी बरीच वर्षे लागतील.

२१ एप्रिल २०२४

काँक्रीटचा उतार फोडला आणि मासेशिडी नव्याने बांधली. तीन फुटांच्या चढाला साठ फूट लांबी धरली, म्हणजे वीस फुटांना एक फूट चढ. दर आठ फुटांवर मोठ्या दगडांची आडवी ओळ बसवली, त्यामुळे प्रत्येक पायरी पाच इंचांच्या आत राहते आणि दोन ओळींच्या मध्ये छोटा डोह तयार होतो. प्रत्येक ओळीत एक खाच ठेवली आहे, एका ओळीत डाव्या बाजूला, पुढच्या ओळीत उजव्या बाजूला, जेणेकरून पाणी सरळ सुसाट न जाता वळत जाईल. दगड एक तृतीयांश तरी जमिनीत गाडलेले हवेत. नुसते ठेवलेले दगड पहिल्या पुरात जातात, हे गवंड्यांनीच सांगितले. शिडीचे वरचे तोंड पायाच्या माथ्यापेक्षा थोडे खाली कापून घेतले, कारण पाणी कमी असतानाही सगळी धार शिडीतूनच जावी आणि माशाला त्या धारेच्या आवाजावर वाट सापडावी.

दगड शेतांतले, मजुरी आणि सिमेंट मिळून सुमारे पंच्याऐंशी हजार रुपये लागले. आधीचे चाळीस हजार वाया गेलेच. काँक्रीट दिसायला पक्के असते म्हणून देणगीदारांना ते आवडते, पण माशाला खडबडीत तळ आणि थांबायला आडोसा लागतो.

शिडीपासून वर आणि खाली प्रत्येकी शंभर फुटांत सापळा किंवा जाळे लावायचे नाही, असा ठराव ग्रामसभेने केला. याला सर्वांत जास्त विरोध होईल असे वाटले होते, तो झाला नाही. चढणीचे मासे खाणे हा आमच्याकडचा आनंदाचा भाग आहे आणि तो बंद करण्याची भाषा कोणी केली नाही, फक्त जागा बदलली.

४ ऑगस्ट २०२४

जुलैच्या उत्तरार्धात पावसाने कहर केला. तालुक्यातले अनेक पूल पाण्याखाली गेले, डोहाकडे जाणे अशक्य होते. शिडीच्या खालच्या दोन ओळींतले काही दगड सरकले आहेत, बाकी शिडी उभी आहे.

२५ ऑगस्ट २०२४

श्रावणातली उघडीप मिळाली आणि अंडी काढण्याचे काम झाले. दोन्ही खात्यांचे प्रतिनिधी हजर होते.

गाठी असलेल्या जाळ्याने खवले निघतात आणि तिथे बुरशी धरते, म्हणून बिनगाठीचे मऊ जाळे बेळगावहून आणले होते. धरलेला मासा पाण्यातच ठेवलेल्या कापडी झोळीत घ्यायचा, डोळ्यांवर ओले फडके टाकायचे आणि हात ओले असल्याशिवाय स्पर्श करायचा नाही. पोट मऊ असलेल्या आणि हलक्या दाबाने अंडी सोडणाऱ्या माद्याच घेतल्या. जी मादी दाबल्यावर देत नाही तिला तशीच सोडावी, जोर करू नये. अंडी आधी कोरड्या ताटात घ्यायची, त्यावर नराचे शुक्रद्रव, मग कोंबडीच्या स्वच्छ पिसाने हलके कालवायचे आणि नंतर पाणी घालायचे. एका मादीच्या अंड्यांवर एकाऐवजी अनेक नर वापरले, म्हणजे पुढची पिढी एकाच बापाची होणार नाही. सगळे मासे त्याच दुपारी डोहात परत गेले. पुजारीबुवा शेवटचा मासा पाण्यात जाईपर्यंत पायरीवर उभे होते.

अंडी पिवळसर नारिंगी, पारदर्शक, साधारण तीन मिलिमीटरची, ज्वारीच्या दाण्याहून थोडी लहान. ओल्या कापसाच्या थरांत ठेवून ती गावात आणली. या माशाची अंडी अशी ओलसर कापसात पाण्याविना प्रवास सोसतात, हेही वळवणच्या प्रयोगांतूनच कळलेले आहे आणि ते आम्हाला फार उपयोगी पडले.

गावात ओढ्याच्या कडेला शेड घातली होती. प्लास्टिकच्या क्रेटना आतून बारीक जाळी लावून तिच्यावर अंड्यांचा एकच थर पसरायचा आणि पाणी सतत वाहते ठेवायचे, अशी व्यवस्था होती. पाणी मोटरने ओढ्यातून घेत होतो. दुसऱ्या रात्री वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला, पाणी लाल झाले, आणि सकाळी प्रत्येक अंड्यावर मातीचा पातळ थर होता. त्यातच वीज गेली आणि मोटर बंद पडली. जनरेटर सुरू होईपर्यंत जे व्हायचे ते झाले. तीन चतुर्थांशाहून अधिक अंडी पांढरी पडली, पांढऱ्या अंड्यांवर कापसासारखी बुरशी आली आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढली. या खेपेतून थोडीच पिल्ले निघाली.

१५ सप्टेंबर २०२४

गणेश चतुर्थीच्या आधी दुसरी खेप घेता आली, कारण या जातीच्या माद्या हंगामात टप्प्याटप्प्याने पिकतात आणि सगळी अंडी एकदम देत नाहीत.

या वेळी ओढ्याचे पाणी आणि वीज दोन्ही सोडून दिले. काजूच्या बागेच्या वर बारमाही झरा आहे, तिथून पाइपने उताराने पाणी आणले. झऱ्याचे पाणी स्वच्छ, २२-२३ अंशांचे. पण चाचणी-संचाने तपासल्यावर त्यात प्राणवायू फारच कमी निघाला, कारण ते जमिनीखालून नुकतेच वर आलेले असते. एका वेळी एकच गोष्ट बिघडत असती तर बरे झाले असते! पन्हळी पत्रे एकाखाली एक असे उतरते ठेवून आणि शेवटी भोके पाडलेल्या ट्रेमधून ते पाणी पाडून घेतले, तेव्हा आकडा लिटरमागे सात मिलिग्रॅमच्या वर गेला. मग वाळूच्या टाकीतून क्रेटमध्ये. ही सगळी रचना आठ-नऊ हजारांत झाली, आणि जनरेटरवर त्याच्या कितीतरी पट खर्च आधी होऊन गेला होता. हे काम करणाऱ्याने पाणी उताराने येईल अशी जागा मिळाल्याखेरीज शेड घालूच नये.

मेलेली अंडी वेचण्याचे काम स्त्रीशक्ती गटातील महिलांनी घेतले. ड्रॉपरने एकेक अंडे उचलायचे, सकाळी, दुपारी आणि दिवे लागताना. बुरशीवर हिरवे औषध वापरतात, पण ते विषारी असल्याने आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही. या वेचणीत एका मावशींनी जे दाखवले ते मला कुठेही वाचायला मिळाले नव्हते. "गुरुजी, अंडं पांढरं व्हायच्या आधी एका बाजूनं धुरकट होतंय, बघा की," त्या म्हणाल्या. टॉर्चचा उजेड खालून टाकून पाहिले तर खरेच, चांगल्या अंड्यात आतली कड स्वच्छ दिसते आणि बिघडणाऱ्या अंड्यात एका अंगाला धुके धरल्यासारखे होते. त्या दिवसापासून धुरकट अंडेही काढू लागलो आणि बुरशी जवळजवळ थांबली.

चौथ्या दिवशी अंडी फुटली. पाणी थंड असल्यास थोडा जास्त वेळ लागतो, त्याने घाबरू नये. मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच फुटलेली पिल्ले, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन बाहेर येतात आणि उजेड टाळतात. ती सगळी क्रेटच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकावर एक जमली आणि खालची गुदमरून मरू लागली. क्रेट पूर्ण झाकून सगळीकडे सारखा अंधार केला, तळाशी गोटे पसरले, आणि कोपऱ्यांत पाण्याची बारीक धार सोडली, तेव्हा ती पांगली.

१७ नोव्हेंबर २०२४

पिल्लांसाठी बांधलेली सिमेंटची टाकी नवी होती. नव्या सिमेंटचा क्षार पाण्यात उतरतो हे माहीत असल्याने आधी थोड्या मळ्या सोडून पाहिल्या, त्या सकाळी उताण्या पडलेल्या होत्या. केळीच्या खुंटांचे तुकडे टाकून पाणी कुजवत ठेवणे आणि बदलणे असे सुमारे तीन आठवडे केले. टाकी उन्हाळ्यातच बांधून भिजत ठेवली असती तर हा ताण पडला नसता. तोवर पिल्ले क्रेटमध्ये दाटीने राहिली आणि काही गेली.

खाद्यात उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून दिला, त्याने पाणी लवकर नासते. शेणखत घातलेल्या खड्ड्यातले सूक्ष्म जीव बारीक जाळीने गाळून देणे अधिक चांगले ठरले. आता शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा आणि सुक्या मासळीची भुकटी चालू आहे. मोठी पिल्ले लहानांना खाद्यावर येऊ देत नाहीत, म्हणून दर पंधरवड्याला आकाराप्रमाणे वेगळी करतो. खंड्या पक्ष्यापासून बचाव म्हणून वरून जाळे टाकले आहे.

१९ जानेवारी २०२५

निम्म्याहून थोडी अधिक बोटुकली सोडली. लांबी साधारण दोन इंच. बाकीची आणखी एक वर्ष वाढवून सोडायची आहेत, कारण मोठ्या बोटुकलीला चिलापी आणि मरळ सहज गिळू शकत नाहीत. खडशी सावकाश वाढते, त्यामुळे घाई करणाऱ्यांसाठी हा मासा नव्हे.

पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग थोडे थोडे ओढ्याचे पाणी आत घेतले, आणि अर्ध्या तासाने तोंड उघडले. पिल्ले लगेच बाहेर आली नाहीत. आली ती थेट गोट्यांच्या फटींत गेली. पाहुण्यांना दिसण्यासारखे काही नव्हते, पण ती लपली याचे आम्हाला फार समाधान वाटले, कारण टाकीत वाढलेली पिल्ले उघड्यावर घोळक्याने फिरतात आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात. टाकीत गोटे ठेवल्याचा तो फायदा.

९ मार्च २०२५

खालच्या डोहात करंट सोडून मासे मारल्याचे उघडकीस आले. काठावर तारेचे तुकडे आणि पाण्यात मेलेल्या मळ्या होत्या. आमची किती पिल्ले गेली हे सांगता येणार नाही, पण त्या डोहात आता एकही दिसत नाही.

कोणी केले याचा शोध घेण्यापेक्षा खालच्या गावाशी बोलावे असे ठरले. ते गाव कन्नडभाषक आहे आणि आमचे ठराव, आमचे फलक आतापर्यंत सगळे मराठीतच होते. तिथल्या बैठकीत एका अण्णांनी स्पष्ट सांगितले की ओढ्यात काय सोडले आहे हे त्यांच्या गावाला कोणी कळवलेच नव्हते. त्यांचे म्हणणे रास्त होते. आता फलक कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत आहेत, समितीत त्या गावचे सदस्य आहेत, आणि रात्रीची राखण दोन्ही गावांतली पोरे आळीपाळीने करतात. करंट, जिलेटिन आणि ब्लीचिंगला दंड दोन्ही पंचायतींनी सारखाच ठेवला आहे.

१ जून २०२५

उन्हाळ्यात मोटरवाल्या शेतकऱ्यांशी बोलून असे ठरवले होते की तीन राखीव डोहांत कमरेएवढे पाणी उरले की फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपचे पाण्यातले टोक) वर काढायचा. त्यासाठी डोहाच्या खडकावर लाल रंगाची रेघ मारली. तोंडी बोलण्यापेक्षा रेघ बरी. एका डोहात ती पाळली गेली नाही, दोन डोहांत पाळली गेली.

या वर्षी मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजीच दाखल झाला आणि दोन दिवसांत आमच्याकडे कोसळू लागला. बरगे काढलेलेच नव्हते. पाणी बंधाऱ्यावरून गेले, शिडीला मिळायचे ते पाणी मिळाले नाही, आणि चढणीचे पहिले मासे खालीच राहिले. बरगे पाण्याच्या दाबाखाली अडकल्याने ते काढताना पोरांच्या जिवाला धोका झाला असता, म्हणून पाणी ओसरेपर्यंत थांबलो. पुढच्या वर्षापासून शिडीसमोरच्या एका गाळ्याचे बरगे १० मेपूर्वी काढायचे, पाऊस येवो न येवो, असे शेतकऱ्यांनी मान्य केले आहे. त्या गाळ्याच्या पाण्यावर ज्यांचा ऊस शेवटच्या पाळीला होता त्यांना समितीने टँकरच्या दोन पाळ्या द्यायच्या आहेत.

२३ नोव्हेंबर २०२५

पाणी निवळल्यावर पाहणी केली. काठावर आडवे पडून, उजेडाकडे पाठ करून, चुरमुरे टाकून बघणे हीच पद्धत सर्वांत कमी त्रासाची आहे. वरच्या दोन्ही डोहांत खडशी आहे. सर्वांत मोठी वीतभर दिसली. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जिथे आम्ही काहीच सोडले नव्हते तिथेही दोन दिसल्या, म्हणजे शिडी चढून आल्या असाव्यात. खात्रीसाठी या वर्षी सोडायच्या मोठ्या बोटुकलीच्या डाव्या पोटपराचे (पोटाखालच्या पराचे) टोक परवानगीने कापून खूण करायची आहे. खालचा डोह अजून रिकामाच आहे.

आतापर्यंतचा खर्च साडेचार लाखांच्या घरात गेला आहे. त्यातला मोठा वाटा शिडी आणि गाळ यांवर गेला, मासे वाढवण्यावर त्यामानाने थोडा. निम्मी रक्कम गावच्या वर्गणीची, बाकी देवस्थानची आणि बाहेरगावी नोकरीला असलेल्या गावकऱ्यांची.

पुढच्या पावसाळ्यासाठी परवानगीचा अर्ज डिसेंबरमध्येच द्यायचा आहे. शिडीच्या खालच्या दोन ओळी मार्चमध्ये पुन्हा बसवायच्या आहेत, आणि मातीच्या खड्ड्यांचा उजव्या कडेचा बांध अजून अर्धाच झालेला आहे, तो पूर्ण होईपर्यंत खालच्या डोहाचा गाळ काढण्यात अर्थ नाही.